घर आणि ड्यूटी सांभाळून रुग्णसहायकाचं सर्टिफिकेट कसं घ्यायचं

नागपूरच्या बिडीपेठेतल्या आमच्या गल्लीत आता महिन्याला एखादी तरी बाई दारात येऊन विचारते, "वहिनी, तो नर्सिंगचा कोर्स तुम्ही कुठून केला वो? पार्ट टाइम होते काय?" मी तिला आत बसवते, पाणी देते आणि आधी एकच विचारते, "तुले नर्स व्हायचं आहे, का दवाखान्यात पेशंटजवळचं काम पाहिजे?" बहुतेकींना या दोन गोष्टी वेगळ्या आहेत हेच माहीत नसतं. मलाही नव्हतं. त्यापायी माझे बारा हजार रुपये आणि चार महिने गेले. तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं एकदा नीट लिहून काढते आहे.

मी सात वर्षं नंदनवनकडच्या एका लहान दवाखान्यात मावशी होते. रात्री ८ ते सकाळी ८. फरशी पुसणं, बेडपॅन देणं, चादरी बदलणं, ओटीतल्या, म्हणजे ऑपरेशन थिएटरमधल्या बादल्या धुणं. शिक्षण दहावी, उमरेडजवळच्या गावातून. नवरा कळमन्याच्या बाजारात हमाली करतो, पहाटे चारला घर सोडतो. मुलगी तेव्हा नववीत होती, मुलगा पाचवीत. अडतिसाव्या वर्षी मी नोकरी न सोडता सहा महिन्यांचं रुग्णसहायकाचं सर्टिफिकेट घेतलं. आज धंतोलीतल्या एका हॉस्पिटलच्या मेडिकल वॉर्डात जीडीए, म्हणजे रुग्णसहायक म्हणून ड्यूटी करते.

आधी नाव समजून घ्या

पांढरे कपडे घातलेल्या कोणत्याही बाईला पेशंट सिस्टर म्हणतो. पण नर्स म्हणून काम करायचं तर महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी लागते. त्या नोंदणीच्या वाटा ठरलेल्या आहेत. एएनएम (ऑक्झिलरी नर्स मिडवाइफ) दोन वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवाइफरी) तीन वर्षांचं, बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं. तिन्हींना बारावी पास लागते, बीएस्सीला सायन्सची. एएनएमच्या प्रवेशाला वय १७ ते ३५ असावं लागतं. आणि हे कोर्स पूर्ण वेळेचे असतात. वॉर्डातली हजेरी तर शंभर टक्के भरावी लागते, राहिलेले दिवस नंतर भरून काढावे लागतात. तेव्हा "संध्याकाळी दोन तास या, वर्षात एएनएम व्हा" असं कोणी म्हणालं तर तिथून सरळ उठायचं.

पार्ट टाइम मिळतं ते सर्टिफिकेट वेगळं. त्याची नावं बरीच आहेत. जनरल ड्यूटी असिस्टंट म्हणजे जीडीए, रुग्णसहायक, बेडसाइड असिस्टंट, घरी जाऊन सेवा करणाऱ्यांसाठी होम हेल्थ एड. बहुतेक ठिकाणी दहावी मागतात. काम असतं पेशंटच्या अंगाचं: स्पंजिंग म्हणजे ओल्या कपड्यानं अंग पुसणं, जेवण भरवणं, कूस बदलणं, उठवणं-बसवणं, ताप-नाडी मोजणं, लघवीचं माप लिहिणं, व्हीलचेअरवरून एक्स-रेला नेणं. इंजेक्शन, सलाइन आणि औषध ठरवणं यात येत नाही. पगार नर्सपेक्षा कमी. हे सगळं माहीत असून घेतलं तर हे सर्टिफिकेट फार उपयोगाचं आहे. नर्स व्हायला मिळेल म्हणून घेतलं तर पुढे रडावं लागतं.

एक बाई मला जाहिरातीचा कागद दाखवायला घेऊन आली होती, त्यावर "प्रॅक्टिकल नर्सिंग सर्टिफिकेट, परदेशात संधी" असं होतं. अमेरिकेत लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स नावाचं पद खरंच आहे. तिथे साधारण वर्षभराचा मान्यताप्राप्त कोर्स करून एनसीएलईएक्स-पीएन नावाची परीक्षा द्यावी लागते, मगच राज्याचं लायसन्स मिळतं. आपल्या गल्लीतल्या सहा महिन्यांच्या कागदावर ती परीक्षा देता येत नाही. नाव सारखं असलं म्हणून काम सारखं होत नाही, एवढं त्या बाईला समजावलं आणि तिनं पैसे भरले नाहीत, याचा मला फार आनंद झाला.

माझे बारा हजार कसे गेले

माझ्या वेळी सांगणारं कोणी नव्हतं. दुसऱ्या माळ्यावरचा एक क्लास, खाली मोठा फलक: एका वर्षात नर्स, शंभर टक्के नोकरी. पहिला हप्ता बारा हजार. भिशीचे पैसे होते, मुलीच्या दहावीच्या क्लाससाठी बाजूला ठेवलेले. पहिल्याच आठवड्यात पांढरा ड्रेस आणि ओळखपत्र मिळालं, फोटो काढले. घरी आल्यावर मुलीनं आरशासमोर माझी टोपी घालून पाहिली.

चार महिन्यांत आम्हाला एकही पेशंट दिसला नाही. एक फाटकी डमी होती, तिचा एक हात निखळलेला. फळ्यावर हाडांची नावं लिहून घ्यायची. एका रात्री ड्यूटीवर आमच्या दवाखान्याच्या इन्चार्ज सिस्टरनं माझी वही पाहिली आणि विचारलं, "संस्थेला मान्यता कोणाची आहे? परीक्षा कोण घेते?" मला उत्तर देता आलं नाही. दुसऱ्या दिवशी क्लासमध्ये विचारलं तर म्हणाले, "सर्टिफिकेट आमचंच असते, ताई. आमच्या नावावर चालते सगळीकडे." पैसे परत मिळाले नाहीत. पावतीवर "डोनेशन" लिहिलं होतं, तेही मी तेव्हा वाचलं नव्हतं.

म्हणून पावती तिथेच, टेबलापाशी उभं राहून वाचायची. कोर्सचं नाव, कालावधी, एकूण फी, हप्ते आणि "फी" हा शब्द. एवढं नसेल तर पैसे काढायचे नाहीत.

क्लास कसा निवडायचा

त्या सिस्टरनं मला चार गोष्टी विचारायला शिकवल्या, आणि त्या मी आजही प्रत्येकीला सांगते. पहिली, परीक्षा बाहेरचं कोणी घेतं का. जीडीएची परीक्षा हेल्थकेअर सेक्टर स्किल कौन्सिलमार्फत होते, बाहेरून परीक्षक येतो, सर्टिफिकेटवर क्यूआर कोड असतो आणि तो मोबाइलवर तपासता येतो. महाराष्ट्र राज्याच्या कौशल्य मंडळाचेही प्रमाणपत्र कोर्स असतात. जो शिकवतो तोच परीक्षा घेतो आणि तोच सही करतो, असं असेल तर त्या कागदाला हॉस्पिटलमध्ये किंमत नाही.

दुसरी, वॉर्ड पोस्टिंग, म्हणजे वॉर्डात प्रत्यक्ष काम शिकणं, कुठे आणि किती दिवस. "होईल, होईल" हे उत्तर नाही. हॉस्पिटलचं नाव सांगा म्हणायचं, आणि जमलं तर त्या हॉस्पिटलच्या ऑफिसात जाऊन विचारायचं की तुमच्याकडे या क्लासचे विद्यार्थी येतात का. मी तशी गेले होते. लिफ्टजवळच्या बाकावर पाऊण तास बसले, पण खरं काय ते कळलं. तिसरी, शिकवणारी स्वतः नोंदणीकृत नर्स आहे का. चौथी, मागच्या बॅचमधल्या दोन बाया कुठे कामाला आहेत. त्यांच्याशी बोलायचं. त्या खरं सांगतात.

पैसे भरायच्या आधी फुकटची वाट पाहून घ्या. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजना २०१५ पासून आहे, तिच्यात जीडीएचं प्रशिक्षण मोफत असतं. केंद्र कुठे चालू आहे ते स्किल इंडिया डिजिटल हबवर दिसतं. अडचण एवढीच की या केंद्रांच्या वेळा ठरलेल्या असतात, आणि नोकरी करणाऱ्या बाईला त्या जमतीलच असं नाही. मला जमल्या नाहीत. ज्यांनी माझ्यासारखी आधीच वर्षानुवर्षं कामं केली आहेत, त्यांनी आरपीएलबद्दलही विचारावं. त्यात आधीपासून येत असलेल्या कामाची परीक्षा घेऊन सर्टिफिकेट देतात. पण मी म्हणेन, क्लासच करा. सात वर्षं मी जे करत होते त्यातलं बरंचसं चुकीचं होतं, हे मला क्लासमध्येच कळलं.

शेवटी मला सक्करदऱ्याकडे एका धर्मादाय हॉस्पिटलचा क्लास मिळाला. फी आठ हजार, चार हप्त्यांत. सोमवार ते शुक्रवार दुपारी ३ ते साडेपाच, आणि शेवटचे दोन महिने शनिवार-रविवार वॉर्ड.

कागदपत्रं म्हणजे दहावीची मार्कशीट, शाळा सोडल्याचा दाखला, आधार, बँक पासबुक आणि फोटो. लग्नानंतर आडनाव बदललं असेल तर मार्कशीटवर एक नाव आणि आधारवर दुसरं असतं. त्यासाठी लग्नाचं प्रमाणपत्र किंवा राजपत्राचा कागद आधीच करून ठेवा. माझ्या बॅचमधल्या एका मुलीची परीक्षेची नोंदणी याच कारणानं एक खेप पुढे गेली.

झोपेचा हिशेब

कोर्स अवघड नाही. झोप अवघड आहे. सकाळी ८ ला ड्यूटी सुटली की ९ पर्यंत घरी, भाजी-भात टाकून १० ला झोपायचं, २ ला उठायचं, ३ ला क्लासमध्ये. संध्याकाळी ६ ला घरी येऊन पोळ्या आणि पुन्हा ८ ला ड्यूटी. हे मी तीन आठवडे केलं आणि चौथ्या आठवड्यात क्लासमध्ये बसल्या बसल्या डोकं बाकावर आपटलं.

मग मी दवाखान्याच्या डॉक्टरीणबाईंसमोर जाऊन सरळ सांगितलं की मी शिकते आहे, मला आठवड्यात दोन रात्री कमी द्या, पगार कापा. त्यांनी दिल्या. विचारायला मी महिनाभर घाबरत होते, ते उगाच. तुम्हीही पहिल्याच दिवशी सांगा. घरीही सांगा. नवऱ्यानं पोळ्या केल्या नाहीत, पण भात आणि वरण लावायला शिकला, आणि मुलीनं भावाचा अभ्यास घेतला. अभ्यास मी ड्यूटीवरच करायचे, रात्री २ ते ४ वॉर्ड शांत असतो तेव्हा. शंभर पानी वही, डाव्या पानावर सिस्टर शिकवतील ते इंग्रजी नाव मराठी अक्षरांत, उजव्या पानावर त्याचा अर्थ. हायपरटेन्शन म्हणजे बीपी वाढणं. युरिन रिटेन्शन म्हणजे लघवी अडणं. ती वही अजून आहे.

बॅच शक्यतो जूनमध्ये सुरू होणारी घ्या. माझी फेब्रुवारीत सुरू झाली आणि वॉर्डाचे दिवस जून-जुलैत आले ते बरं झालं, पण एप्रिल-मे मध्ये दुपारी अडीचला दुपट्टा गुंडाळून चालत जाताना जीव नकोसा व्हायचा. नागपूरचं ऊन ४५ च्या पुढे गेलं की पाण्याच्या बाटलीत ओआरएस ठेवायचं. एक पाकीट एका लिटरला, आणि पूर्ण पाकीट एकदाच, अर्धं अर्धं करून नाही. हेही आम्हाला तिथेच शिकवलं.

वॉर्डात जायच्या आधी लस

ही गोष्ट कोणीही स्वतःहून सांगत नाही, म्हणून वेगळी लिहिते. हिपॅटायटिस बीची लस घ्या. तीन डोस असतात: पहिला आज, दुसरा महिन्यानं, तिसरा सहा महिन्यांनी. ॲडमिशन घेतलं त्याच आठवड्यात पहिला डोस घेतला तर वॉर्डात जाईपर्यंत दोन होतात.

मी मावशी असताना एका रात्री ओटीतली चादर गोळा करताना तिच्यात राहिलेली सुई माझ्या अंगठ्यात घुसली. रक्त आलं. मी बोट तोंडात घालून चोखलं, पदर गुंडाळला आणि काम केलं. कोणाला सांगितलं नाही, कारण सांगितलं तर मलाच बोलतील असं वाटलं. क्लासमध्ये सिस्टर हा धडा शिकवत होत्या तेव्हा माझे हात थंड पडले. सुई टोचली की वाहत्या पाण्याखाली साबणानं धुवायचं, दाबून रक्त काढायचं नाही, तोंडात तर घालायचंच नाही, आणि ताबडतोब इन्चार्जला सांगायचं. गरज असेल तर एचआयव्ही टाळायची औषधं जितक्या लवकर तितकी चांगली, दोन तासांत सुरू झाली तर उत्तम, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही. त्या धड्याच्या दुसऱ्या दिवशी मी तपासणी करून घेतली. रिपोर्ट चांगला आला. पण सुई टोचल्यापासूनची मधली चार वर्षं मी काहीच माहीत नसताना काढली होती.

प्रत्यक्ष काय शिकवतात

पहिले दोन आठवडे हात धुणं आणि बिछाना. हसू नका. साबणानं हात धुवायला ४० ते ६० सेकंद लागतात, अंगठ्याच्या बुडाशी आणि नखांच्या टोकांशी राहून जातं. हॅण्डरब असेल तर २० ते ३० सेकंद. पेशंटला हात लावायच्या आधी, लावून झाल्यावर, आणि त्याच्या पलंगाला-टेबलाला हात लावला तरीही. बिछान्याचं म्हणाल तर पेशंट पलंगावर असतानाच चादर बदलायची असते. पेशंटला एका कुशीवर वळवायचं, जुनी चादर त्याच्या पाठीशी गुंडाळत न्यायची, नवी अर्धी पसरून तिची गुंडाळी त्याच गुंडाळीला लावायची, मग पेशंटला दुसऱ्या कुशीवर घेऊन जुनी ओढून काढायची. खाली मॅकिन्टॉश म्हणजे रबरी चादर, वर ड्रॉ शीट म्हणजे आडवी कापडी चादर, आणि एकही सुरकुती नको. सुरकुती का नको, ते मला काटोलकडून आलेल्या एका आजीमुळे समजलं.

पंचाहत्तरीच्या आजी, अर्धांगाचा झटका आलेला, डावी बाजू गेलेली. वॉर्डातला माझा दुसरा शनिवार. सिस्टरनं सांगितलं, दर दोन तासांनी कूस बदल आणि पाठ पाहा. मी कूस बदलली, पाठ पाहिली, म्हणाले, "ठीक आहे." सिस्टर स्वतः आल्या, माझा हात धरून आजींच्या माकडहाडावर ठेवला. "काय लागते?" तिथली कातडी बाकीच्या पाठीपेक्षा गरम होती आणि जराशी कडक. गोऱ्या अंगावर लाली दिसते, आपल्या सावळ्या अंगावर दिसत नाही, म्हणून डोळ्यांवर विसंबायचं नाही, हाताच्या पाठीनं चाचपायचं. बेडसोअरची, म्हणजे पडून पडून होणाऱ्या जखमेची, सुरुवात तशीच असते. तिथे चोळायचं नाही. आमच्या जुन्या दवाखान्यात आम्ही अशा जागी स्पिरिट लावून खसाखसा चोळायचो, पावडर टाकायचो, आणि मला वाटायचं मी सेवा करते आहे. त्या चोळण्यानं खालचं मांस आणखी दुखावतं. करायचं ते एवढं: त्या जागेवरचा भार काढायचा. पूर्ण कुशीवर आडवं न करता पाठीमागे उशी देऊन तिरकं टेकवायचं, म्हणजे कमरेच्या हाडावरही भार येत नाही. दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटरीखाली उशी, म्हणजे टाच हवेत राहते. ओलं झालं की लगेच पुसून कोरडं.

पुढचे चार शनिवार-रविवार मी आजींकडेच होते. तक्त्यावर वेळ लिहायची: १० ला उजवी, १२ ला पाठ, २ ला डावी, ती लुळी बाजू म्हणून कमी वेळ. आजींना बोलता येत नव्हतं पण उजव्या हातानं माझा पदर धरून ठेवायच्या. कातडी फुटली नाही. सुट्टी झाली तेव्हा त्यांच्या सुनेला मी उशा कशा लावायच्या ते दाखवलं, आणि तिनं ते मोबाइलवर शूट करून घेतलं.

दुसरी गोष्ट वही-पेनाची. पेशंटनं किती पाणी प्यायलं आणि लघवी किती झाली, याला इनटेक-आउटपुट चार्ट म्हणतात. "थोडी झाली", "बरी झाली" असं लिहायचं नाही. मापाच्या भांड्यात ओतून, डोळे त्याच्या रेषेच्या पातळीला आणून, आकडा लिहायचा. मोठ्या माणसाची तासाला ३० मिलीच्या खाली लघवी जाऊ लागली की सिस्टरला सांगायचं, सकाळच्या राउंडची वाट पाहायची नाही. युरोबॅग, म्हणजे लघवीची पिशवी, नेहमी कमरेच्या खाली लटकलेली हवी, पण जमिनीला टेकलेली नको. पेशंटला एक्स-रेला नेताना लोक ती उचलून त्याच्या पोटावर ठेवतात, मग लघवी उलटी मूत्राशयात जाते. हे मी इतक्यांदा पाहिलं आहे की आता कॉरिडॉरमध्ये दुसऱ्याच्या पेशंटची बॅग दिसली तरी मी खाली लावते.

नळीनं पातळ अन्न देताना डोक्याकडची बाजू ३० ते ४५ अंश वर, आणि दिल्यावर निदान अर्धा तास तशीच. बीपी घेताना पेशंट पाच मिनिटं शांत बसलेला हवा, दंड हृदयाच्या पातळीला. डायलिसिससाठी नसा जोडून फिस्टुला केलेल्या हातावर बीपीचा पट्टा बांधायचा नाही. लकवा झालेल्या माणसाला उठवताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही, खांदा निखळतो. व्हीलचेअर त्याच्या चांगल्या बाजूला लावायची, ब्रेक आधी, पायपट्ट्या वर. आपली कंबर न वाकवता गुडघे वाकवायचे. कंबर आपली एकच आहे, आणि या कामात सगळ्यात आधी तीच जाते.

विदर्भात काम करायचं तर सिकलसेल हा रक्ताचा आजार नीट समजून घ्या, शिकवला नाही तर स्वतः विचारा. चामोर्शीकडचा एक पंधरा-सोळा वर्षांचा पोरगा आमच्या वॉर्डात होता. पायात आणि पाठीत कळा. दिसायला काही नाही, ना सूज ना जखम. शेजारच्या बेडवरचे नातेवाईक म्हणायचे, "नाटकं करून राहिला." सिस्टरनं मला सांगितलं, लाल पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक नसांत अडकतात, आणि तिथे रक्त पोहोचत नाही, म्हणून ही कळ. औषध सिस्टर देतील. माझं काम होतं त्याला पाणी देत राहणं, अंग उबदार ठेवणं, पंखा थेट अंगावर येऊ न देणं, आणि दुखतं किती ते शून्य ते दहामध्ये विचारून लिहिणं. रात्री अकराला तो म्हणाला नऊ. मी नऊ लिहिलं आणि सिस्टरला उठवलं. पोराचं दुखणं त्याच्या चेहऱ्यावरून ठरवायचं नाही, तो सांगेल तेच लिहायचं.

कचऱ्याच्या डब्यांचे रंग परीक्षेत हमखास येतात. पिवळ्यात रक्ताचा कापूस-बँडेज, लाल डब्यात नळ्या, सलाइनचे सेट, युरोबॅग, ग्लोव्ह्ज, सुई आरपार जाणार नाही अशा पांढऱ्या डब्यात सुया, निळ्यात काच. हे २०१६ च्या नियमांचे रंग आहेत.

काय करायचं नाही

कोर्स संपल्यावर गल्लीत बातमी पसरते आणि लोक दारात येतात. "वहिनी, एक इंजेक्शन टोचून द्या न, पन्नास रुपये घ्या." नाही म्हणा. वाईट वाटेल, तरीही नाही. लहान दवाखान्यांतही कधी कधी रात्री माणूस कमी असतं आणि तुम्हाला सलाइन बदलायला, इंजेक्शन द्यायला सांगतात. मला एकदा सांगितलं होतं. मी म्हटलं, "सिस्टर येईपर्यंत मी पेशंटजवळ बसते, नाडी पाहते, पण हे माझ्या सर्टिफिकेटमध्ये नाही." आवाज कापत होता. दुसऱ्या दिवशी मला बोलणी बसली, नोकरी गेली नाही. काही बिघडलं असतं तर पेशंटचा जीव गेला असता, आणि जबाबदारी माझ्यावर आली असती.

मदत बोलावणं मात्र आपलं कामच आहे. घरी ड्यूटीवर असाल आणि माणूस अचानक बोबडं बोलू लागला, तोंड वाकडं झालं, एक हात उचलेना, तर पाणी पाजायचं नाही, १०८ लावायचा आणि सुरुवात किती वाजता झाली ते लिहून ठेवायचं. डॉक्टर सगळ्यात आधी वेळ विचारतात.

परीक्षा

आमची लेखी परीक्षा टॅबवर होती, हिंदीतून, पर्याय निवडायचे. नंतर प्रात्यक्षिक. बाहेरून आलेले परीक्षक शांत होते. माझ्या वाट्याला बेड मेकिंग आणि नाडी मोजणं आलं. नाडी पूर्ण मिनिट मोजायची, पंधरा सेकंद मोजून चारनं गुणायचं नाही, निदान परीक्षेत तरी. डमीपाशी गेल्यावरही आधी "नमस्कार आजी, मी तुमची चादर बदलणार आहे" असं म्हणायचं आणि पडदा ओढायचा. याला मार्क असतात. आमच्यातल्या दोघींनी सगळं बरोबर केलं पण हात धुतले नाहीत आणि पेशंटशी बोलल्या नाहीत, त्यांचे तिथेच कापले गेले.

पगार आणि ब्युरो

मला धंतोलीत सुरुवातीला साडेदहा हजार मिळाले, मावशीच्या पगारापेक्षा साडेतीन हजार जास्त. इंटरव्ह्यूला जाताना पगार किती देता हे विचारायच्या आधी ड्यूटी किती तासांची आहे, आठवड्याची सुट्टी आहे का, पीएफ-ईएसआयसी कापतात का, हे विचारा. ईएसआयसी असेल तर घरच्यांच्या दुखण्याखुपण्याला मोठा आधार होतो.

नर्सिंग ब्युरोतून घरी जाऊन १२ तासांची ड्यूटी केली तर हातात जास्त पडतात, पण त्यात ब्युरोचं कमिशन किती ते आधी कागदावर घ्या. घर पाहून घ्या. पेशंट पुरुष असेल आणि घरात दुसरं कोणी राहणार नसेल तर जाऊ नका. जेवण, झोपायची जागा, संडास वेगळं का एकच, हे विचारायला लाजू नका. आणि पेशंटच्या कामासोबत घरची भांडी-धुणं करून घेतात, ते पहिल्या दिवशीच स्पष्ट करा. पहिल्या दिवशी केलंत तर रोज करावं लागेल.

माझं वय एएनएमसाठी निघून गेलं आहे. पण माझी भाची अठराची आहे, दहावीनंतर शाळा सुटली. तिला मी सांगितलं, आधी १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बारावी कर, नर्सिंग कौन्सिलच्या यादीत नाव असलेल्या शाळेतच एएनएमला जा, आणि तोपर्यंत शनिवार-रविवार माझ्यासोबत वॉर्ड बघायला ये. फॉर्मची तारीख गेली तर वर्ष जातं, म्हणून तिची मार्कशीट, दाखला आणि आधार आत्तापासून माझ्या कपाटातल्या निळ्या फाइलमध्ये, माझ्या वहीच्या शेजारी ठेवले आहेत.